‘इल्युमिनिझम’ म्हणजे नेमकं काय? एक गठ्ठा कपाटात लावायचा आहे

गठ्ठेवाली

नमस्कार मंडळी. मी गिरगावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात दुपारच्या वेळी बसते. मानद काम आहे, म्हणजे मान आणि कटिंग चहा. हल्ली आमच्याकडे देणगीची पुस्तकं धो धो येतात, कारण आजूबाजूच्या चाळी पुनर्विकासाला गेल्या आहेत आणि नव्या ब्लॉकमध्ये टीव्हीचं युनिट मावतं, आजोबांचं पुस्तकांचं कपाट मावत नाही. त्यातच ठाकूरद्वारच्या एका घरातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आला. वर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर शाईपेनाने, अगदी वळणदार अक्षरात एकच शब्द: इल्युमिनिझम.

आत काय काय होतं ते सांगते. थिऑसॉफीच्या, म्हणजे ‘ब्रह्मविद्या’ म्हणवणाऱ्या गूढविचाराच्या, मासिकांचे बांधीव अंक. रोझिक्रूशियन लोकांवरचं एक इंग्रजी पुस्तक. स्पेनच्या इन्क्विझिशनवरचं, म्हणजे चर्चच्या पाखंड शोधणाऱ्या न्यायालयावरचं, एक जाडजूड. इल्म-ए-क्ष्नूम या पारशांमधल्या गूढ पंथावरची गुजराती पुस्तिका. स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतं तसलं इल्युमिनाटीचं पेपरबॅक, मुखपृष्ठावर त्रिकोणात डोळा. आणि सगळ्यांच्या तळाशी दोनशे पानी वही, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावरची टिपणं.

शब्दकोशात पाहिलं. ‘विशेष आध्यात्मिक प्रकाश लाभल्याचा दावा करणारी मते’ अशा अर्थाचं काहीतरी दिलंय. तेवढ्याने माझं भागत नाही. दाखल रजिस्टरात विषयाचा रकाना असतो आणि त्यात काहीतरी लिहावंच लागतं. आमचे चिटणीस म्हणतात, ‘संकीर्ण’ लिहा आणि मोकळ्या व्हा. संकीर्णात गेलेलं पुस्तक पुन्हा माणसाच्या हाताला लागत नाही, त्यामुळे ते मी करणार नाही. भाचा म्हणतो, “आत्या, हे सगळं इल्युमिनाटीचंच आहे, ‘गुप्त संघटना’ लिही.” तेही पटत नाही. थिऑसॉफीवाल्या बायकांना आम्ही लहानपणी रस्त्यात पाहिलेलं आहे, त्या कसल्या गुप्त!

गठ्ठ्याचे मालक विक्षिप्त नव्हते. समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेल्या खुणा फार व्यवस्थित आहेत. तेव्हा जाणकारांनी सांगावं: या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि ही सगळी मंडळी त्याच्याखाली एकत्र कशी आली?

आगाऊ_कार्टा

आत्याबाई, भाचा बरोबर आहे. डॉलरच्या नोटेवर डोळा, खाली 1776. इल्युमिनाटीची स्थापना 1776. बाकी आपण सुज्ञ आहात. गठ्ठा रात्री घरी नेऊ नका.

फोर्टचा_प्रूफरीडर

ताई, संकीर्ण मुळीच लिहू नका.

आधी कार्ट्याचा निकाल लावतो. नोटेवरचं 1776 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. तो डोळा अमेरिकेच्या राजमुद्रेवर 1782 मध्ये आला आणि एक डॉलरच्या नोटेवर 1935 मध्ये. बव्हेरियातल्या इल्युमिनाटींचं चिन्ह होतं मिनर्व्हा देवीचं घुबड. घुबडाचे टी-शर्ट कोणी छापत नाही.

आता मूळ मुद्दा. मी फोर्टातल्या छापखान्यांत जन्मभर प्रुफं तपासली. त्यात निरनिराळ्या पंथांच्या पुस्तिका ढिगाने असत, आणि काना-मात्रा तपासता तपासता माणूस मजकूरही वाचतोच. त्यावरून सांगतो, या शब्दात ‘प्रकाशा’कडे बघत बसू नका, ‘विशेष’कडे बघा. अंधार-उजेडाची भाषा जगातल्या प्रत्येक धर्मात आहे. इल्युमिनिझम म्हणतात ते कोणी त्यापुढे जाऊन बोलू लागला की: हा उजेड मला थेट मिळाला, तो सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळाल्यामुळे आता मधल्या माणसाचं मला काम उरलेलं नाही. मधला माणूस म्हणजे पाद्री, भटजी, मौलवी, पंडित, जो कोणी असेल तो. भांडण नेहमी या शेवटच्या वाक्यावर होतं, आणि मग हे नाव चिकटवणारा बहुतेक वेळा तो मधला माणूसच असतो.

तुमच्या गठ्ठ्यातलं जाडजूड पुस्तक म्हणून महत्त्वाचं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये, ग्वादालाहारा-तोलेदो भागात काही लोक घरोघरी जमायला लागले. त्यांना नाव पडलं अलुंब्रादोस, उजळलेले. पुढारी कोण? इसाबेल दे ला क्रूझ नावाची एक बाई आणि पेद्रो रुईस दे अल्काराझ नावाचा संसारी गृहस्थ, सरदारांच्या पदरी नोकरी करणारा. यातले बरेच जण ज्यूंचे ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतले होते, म्हणजे आधीपासूनच संशयाच्या नजरेखाली. त्यांचं म्हणणं असं की, स्वतःला पूर्णपणे देवावर सोडून द्यावं. मग मूर्ती, उपास, कबुलीजबाब हे सगळं गौण. 1524 मध्ये दोघांना पकडलं. 1525 मध्ये तोलेदोला जाहीरनामा निघाला, त्यात त्यांची म्हणून 48 मतं मोजून दोषी ठरवलेली आहेत. या लोकांचं म्हणणं आज आपल्यापर्यंत येतं ते मुख्यतः खटल्याच्या कागदांतून. आरोपीचं मत फिर्यादीच्या अक्षरात वाचायचं, तेव्हा थोडं जपूनच वाचावं. मी तर त्या 48 पैकी निम्मी मतं कारकुनाने सोयीने सोपी केली असतील असंच धरून चालतो.

आता गंमत बघा. याच संशयावरून 1526-27 मध्ये आल्काला इथे एका लंगड्या माजी सैनिकाची चौकशी झाली आणि त्याला कोठडीतही टाकलं. तो इग्नेशियस लॉयोला. सुटला, पॅरिसला गेला, तिथे त्याला फ्रान्सिस झेवियर भेटला. पुढे जेझुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा संघ निघाला. झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला, आणि त्याच्या नावाचं कॉलेज 1869 पासून आपल्या धोबीतलावला उभं आहे. ज्याला इल्युमिनिस्ट म्हणून आत टाकलं, त्याच्या संघाने पुढे दोन शतकं युरोपात शाळा चालवल्या, आणि तशाच एका शाळेत शिकून जेझुइटांचा मनस्वी तिटकारा आलेला माणूस म्हणजे आडाम वाइसहाउप्ट. इंगोलश्टाटला धर्मकायद्याचा प्राध्यापक. त्याने 1 मे 1776 रोजी मोजक्या लोकांना घेऊन इल्युमिनाटी काढली. स्वतःचं गुप्त नाव ठेवलं स्पार्टाकस. पण त्याचा उजेड बुद्धीचा. अध्यात्म त्यात औषधालाही नाही. 1784-85 च्या बंदीहुकमांनी संघटना संपली. 1797 मध्ये बार्युएल आणि रॉबिसन या दोघांनी, एक फ्रान्सचा पाद्री आणि एक स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ, वेगवेगळी पुस्तकं लिहून फ्रेंच राज्यक्रांतीचं खापर तिच्यावर फोडलं, आणि आजवरचे सगळे त्रिकोणातले डोळे तिथून निघाले. तेव्हा तुमच्या गठ्ठ्यातलं परकं पुस्तक कुठलं असेल तर ते पेपरबॅक. शब्दकोशातला अर्थ त्याला लागू पडत नाही. भाच्याला सांगा, जो खरा इल्युमिनाटी तोच इल्युमिनिस्ट नव्हता.

इतिहासकार हा शब्द मुख्यतः वापरतात तो अठराव्या शतकातल्या आणखी एका घोळक्यासाठी. फ्रान्समधला सँ-मार्तें, ‘अज्ञात तत्त्वज्ञ’ या सहीने लिहिणारा. स्वीडनचा स्वीडनबोर्ग, खाणींच्या सरकारी खात्यातला अधिकारी, ज्याला पन्नाशीनंतर देवदूत भेटू लागले. रोझिक्रूशियन त्यांच्याही आधीचे. 1614 आणि 1615 मध्ये जर्मनीत निनावी पत्रकं छापली गेली, एका गुप्त बंधुसंघाची. संघ खरोखर होता की नाही याचा पुरावा नाही, पण पत्रकं वाचून लोक त्याचा पत्ता शोधत फिरले.

उरली थिऑसॉफी, ती तर तुमच्या दारातली. न्यूयॉर्कला 1875 मध्ये सोसायटी निघाली, आणि तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट 16 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबई बंदरात उतरले. बिऱ्हाड पहिल्यांदा गिरगाव बॅक रोडला, नंतर ब्रीच कँडीच्या ‘क्रोज नेस्ट’ बंगल्यात. त्यांचं मासिक ऑक्टोबर 1879 मध्ये मुंबईतूनच सुरू झालं. त्याच गिरगावात दयानंदांनी 1875 मध्ये आर्य समाज काढला होता. आधी दोघांची युती झाली, 1882 मध्ये फाटलं. स्वाभाविक होतं. दयानंदांचा उजेड वेदात, सगळ्यांनी वाचावा असा. बाईंचा उजेड हिमालयातल्या महात्म्यांकडून येणारा, तोही पत्रांनी, आणि पत्रं कधी कधी छतातून पडायची. 1882 च्या डिसेंबरात मंडळी मद्रासला अड्यारला गेली आणि 1885 मध्ये लंडनच्या एका संशोधन मंडळाने पत्रांचा सगळा प्रकार बनावट असल्याचा अहवाल दिला. त्यानंतरही माणसं येत राहिली. न्यू मरीन लाइन्सचा थिऑसॉफी हॉल तुम्ही पाहिलाच असेल. तिथली शांतता मला आवडते, मतं पटत नाहीत.

अवांतर: गठ्ठ्यात ‘दसातीर’ नावाचं काही फारसी-इंग्रजी आहे का बघा. असेल तर सुतळी परत बांधा आणि मला कळवा.

बेहरामबागची_शेजारीण

प्रूफरीडर काका, छान लिहिलंत, पण तुमची व्याख्या क्ष्नूमपाशी येऊन अडते.

मी जोगेश्वरीला राहते. समोरच पारशी कॉलनी, दोन पिढ्यांचं येणंजाणं. क्ष्नूम मानणाऱ्या एक आजी आमच्या आईच्या मैत्रीण. क्ष्नूम सुरू करणारे बेहरामशाह श्रॉफ (1858–1927) मूळचे गुजरातचे. तरुणपणी घर सोडून गेले, आणि त्यांचं सांगणं असं की इराणच्या देमावंद डोंगराच्या पोटात राहणाऱ्या गुप्त सिद्धांनी त्यांना शिकवलं. परत आल्यावर कित्येक वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. पुढे सुरतेत आणि मुंबईत बोलू लागले. इथपर्यंत सगळं तुमच्या साच्यातलं. थेट उजेड, निवडक माणूस.

पण कर्मकांड नको असं हे लोक म्हणत नाहीत. उलट! सुदरा-कुस्ती (अंगातला पवित्र सदरा आणि कमरेचा दोरा), अवेस्ता या धर्मग्रंथातल्या प्रार्थनांचे उच्चार, अग्यारीतले विधी, सगळं इतरांपेक्षा कडक. आजींच्या मते प्रार्थनेतला स्वर चुकला तर कंपनं चुकतात. धर्मांतराला आणि बाहेरच्या लग्नाला विरोधही तितकाच कडक. मग ‘मधल्याची गरज उरली नाही’ हे यांना कसं लावणार?

फोर्टचा_प्रूफरीडर

शेजारीणबाई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. पण मी मधल्या माणसाविषयी बोललो, विधींविषयी नाही. विधी तोच, अग्नी तोच, दस्तूर म्हणजे धर्मगुरूही तेच. त्या विधीचा अर्थ कोणाला विचारायचा, हा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात शिकून आलेले पारशी पंडित अवेस्ताचं व्याकरण लावून अर्थ सांगू लागले होते. क्ष्नूमवाल्यांनी त्यांना बाजूला सारलं: अर्थ देमावंदहून आलाय, तुमच्या व्याकरणातून येणार नाही. मधला माणूस गेलाच. फक्त तो भटजी नव्हता, प्राध्यापक होता.

आणि म्हणून ‘दसातीर’ विचारलं होतं. बाराव्या शतकात इराणात सुहरावर्दी नावाचा तत्त्वज्ञ झाला. त्याचं तत्त्वज्ञान ‘इशराक’, म्हणजे उगवतीचा उजेड. ज्ञान तर्काने मिळतं तसं ते आत थेट उजळतंही, आणि त्या उजेडाचे वारस प्राचीन इराणचे ऋषी, असं त्याचं मत. 1191 मध्ये सीरियातल्या हलब (अलेप्पो) शहरात त्याला ठार केलं, वय चाळिशीच्या आत. त्याचे विचार पुढे आझर कैवान नावाच्या पारशी साधूच्या पंथात मुरले. तो शेवटी पाटण्यात येऊन राहिला. त्याच वर्तुळातला मानला जाणारा ग्रंथ ‘दसातीर’, प्राचीन पैगंबरांची वाणी म्हणून 1818 मध्ये मुल्ला फिरोझ यांनी मुंबईत छापून प्रसिद्ध केला. नंतर अभ्यासकांनी दाखवलं की ग्रंथ इतका जुना नाही आणि त्यातली ‘स्वर्गीय’ भाषा रचलेली आहे. मुल्ला फिरोझ यांचा ग्रंथसंग्रह आज फोर्टात कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. म्हणजे इशराकचा धागा मुंबईत ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या साठ वर्षं आधी पोचला होता. गठ्ठ्याच्या मालकांना हे ठाऊक असणार, नाहीतर गुजराती पुस्तिका इंग्रजी पुस्तकांत कशाला बांधतील?

विरारचा_वारकरी

माउलींची वही त्या गठ्ठ्यात काय करतेय, हे कोणी विचारलंच नाही. मी विचारतो, कारण मला ते खटकलं.

सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, पंथराज म्हटलेल्या योगमार्गाचं. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. नाथपंथाची गुरुपरंपरा, कानात दिलेला मंत्र, सगळं ‘निवडकांसाठी’च होतं. पण अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली काय सांगतात ते बघा. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना आज्ञा केली की कली लोकांना गिळतोय, तर ही ठेव घेऊन जा आणि त्यांना सोडव. त्यातून शके 1212 मध्ये गीतेवरची टीका झाली, ती मराठीत, नेवाशाला, ऐकायला बसलेल्या लोकांसमोर. ज्याच्या हाती गुप्त किल्ली होती त्याने ती चव्हाट्यावर ठेवली. आज विरार लोकलच्या डब्यात सकाळी 6 च्या सुमाराला हरिपाठ चालतो, तिथे दीक्षा झाली आहे का असं कोणी विचारत नाही. फक्त बॅग नीट ठेवा म्हणतात.

तेव्हा प्रूफरीडर साहेबांचीच व्याख्या धरली तर ही वही गठ्ठ्यातून बाहेर काढा. ‘विशेष’ तिथे संपतं.

गठ्ठेवाली

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा सुतळी सोडून बसले. दसातीर नाही, काका. मी दोनदा पाहिलं.

वारकरी दादा, वही उघडली. पंथराजाच्या ओव्या डाव्या पानावर उतरवल्यात आणि उजव्या पानावर त्या स्पेनच्या पुस्तकाचे पृष्ठक्रमांक, त्यात अल्काराझचं नाव पुन्हा पुन्हा. म्हणजे ते गृहस्थ दोन्ही शेजारी ठेवून वाचत होते. तुमच्यासारखेच भांडत होते की जुळवत होते, ते कळायला मार्ग नाही, कारण स्वतःचं मत कुठेही लिहिलेलं नाही. पण अठराव्या अध्यायाच्या त्या ओव्यांचे क्रमांक शेवटच्या पानावर आहेत, खाली दोन रेघा मारून.

आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या सभासदांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, अहो, त्या काळात इथली माणसं खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे संध्याकाळी बसायला जायची. विडीचं दुकान चालवणारे गृहस्थ, पोटमाळ्यावरची खोली, समोर परदेशी लोक आणि बोलणं मराठीत, दुभाषा लावून. कोणीही या, बसा, विचारा. गठ्ठ्याचे मालकही जात असतील. हा आमचा अंदाज, पुरावा नाही.

वही मी बाहेर काढणार नाही. दादा, रागवू नका. ती नसेल तर उरलेली पुस्तकं का जमवली याचा काही पत्ताच लागत नाही.

आगाऊ_कार्टा

पेपरबॅक मला द्या मग. परकं आहे ना.

डेल्टा

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालोय, म्हणून फक्त रकान्यापुरतं बोलतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत हा गठ्ठा फुटतो. ख्रिस्ती पाखंडांचा इतिहास 273, रोझिक्रूशियन 135 मध्ये, गुप्त संघटना 366, थिऑसॉफी 299 मध्ये. पुस्तकं चार कपाटांत जातील आणि मालकांनी जुळवलेलं मोडेल.

आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी त्यांच्या कोलन वर्गीकरणात मात्र आध्यात्मिक अनुभव आणि गूढवाद यांना धर्मापासून वेगळं, स्वतंत्र घर दिलं. बाकी बहुतेक मुख्य वर्गांना रोमन अक्षरं, याला ग्रीक डेल्टा, छोटा त्रिकोण. जागा कुठे, तर उपयुक्त कला आणि ललित कला यांच्या मधोमध. मला ती जागा नेहमीच फार योग्य वाटत आली आहे. माझं इथलं नावही तिथूनच घेतलंय.

तुमच्याकडे ड्यूई असेल तर तेच ठेवा, एका गठ्ठ्यासाठी पद्धत बदलू नका. प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र दाखल क्रमांक द्या, शेरा रकान्यात ‘ठाकूरद्वार संग्रह, इल्युमिनिझम’ असं सगळीकडे सारखं लिहा, आणि पुठ्ठ्याचा तो तुकडा वहीच्या आत ठेवा. वही हस्तलिखितांत जाते, तिला पुस्तकाचा शिक्का मारू नका. शाई पलीकडे उमटते.

फोर्टचा_प्रूफरीडर

शेऱ्यात ‘इल्युमिनिझम’ लिहिताना ‘ल्यु’ ऱ्हस्व ठेवा, ताई. आणि पेपरबॅक कार्ट्याला देऊ नका. त्यालाही तोच शेरा लावा. मालकांनी तेही त्याच सुतळीत बांधलं होतं, आणि समासात खुणा त्यातही असतील. आहेत का?

गठ्ठेवाली

आहेत. जवळपास प्रत्येक पानावर प्रश्नचिन्ह.